डाव्या हाताचा उजेड

सोमवार, ३ फेब्रुवारी

कुणीतरी भेट दिलेली ही डायरी कपाटात कोरी पडून होती. आज काढली. आज जे झालं ते मला घरात सांगायचं नाहीये, आणि नुसतं पोटात ठेवलं तर दूध उतू जाईल, भाजीत मीठ दोनदा पडेल आणि ठमी लगेच विचारेल, "आई, तुला काय झालंय?" ठमी म्हणजे माझी लेक. वय पंधरा, नाक भलतंच तिखट.

आधी माझं काम लिहिते. उद्या मी नसले आणि ही वही कुणाच्या हाती लागली तर निदान कळेल तरी. (नसले, असं लिहून गेले. आता खोडत नाही.)

आमच्या प्रयोगशाळेत माणसाच्या कातडीवरचा गंज मोजतात. आमच्या मॅडम कातडीच्या डॉक्टर, प्रयोगशाळा त्यांचीच; त्यांना हा शब्द आवडत नाही, त्या ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. पण आलेल्या लोकांना समजावताना त्याही लोखंडावरच येतात. लोखंडाला हवा लागून गंज चढतो, तसं श्वास घेणाऱ्या प्रत्येकाला आतून काहीतरी चढत असतं, आणि ते जितकं जास्त तितकी कातडी लवकर म्हातारी. काळोख्या खोलीत एक खोकं आहे. त्यात हात घालायचा. जांभळा दिवा काही सेकंद हातावर पडतो आणि विझतो. मग कातडी स्वतःच इतका मंद उजेड देते की डोळ्यांना दिसत नाही, तो मशीन मोजतं. उजेड जास्त तर गंज जास्त.

लोकांचं सुरू करण्याआधी मशीन ताळ्यावर आहे ना, ते रोज सकाळी बघायचं असतं. त्यासाठी मी माझाच डावा हात घालते. कोपराखाली आतल्या बाजूला पेनाने ठिपका काढलाय, दिवा त्यावरच पडायला हवा, म्हणजे जागा बदलत नाही. माझ्या आधी हे काम करणाऱ्या मुलीने मला असंच शिकवलं. किडकिडीत, सारखी भिरभिरणारी, म्हणून सगळे तिला पाकोळी म्हणायचे. मशीनबरोबर या कामासाठी एक चकती आली होती, ती तिच्या हातून पडून फुटली. "मॅडमना सांगायची माझी छाती नाही," ती म्हणाली. "आणि हात काय वाईट आहे? हात घालायचा, येईल तो आकडा मशीनला धरायला सांगायचा. बाकीच्यांचे आकडे ते त्याच्यावरून लावतं." मीही कधी मॅडमना सांगितलं नाही. मॅडम तशा वाईट नाहीत, पण चष्म्यावरून बघतात तेव्हा माणसाला नसलेले गुन्हेसुद्धा आठवतात.

तर दोन वर्षं हात घालतेय. घड्याळाला चावी द्यावी तसं लावायचं आणि पुढे जायचं, आकडा बघतंय कोण. आज मशीनवर लाल पट्टी आली. भिंतीवर वयाचा तक्ता लटकतोय, त्यात माझा आकडा शोधला. साठीच्या पुढच्या बायकांत सापडला. मला अजून चाळीस पूर्ण व्हायचीत.

परत मोजला. किंचित जास्तच आला.

आई बेचाळिसाव्या वर्षी गेली. शाळेत तिला माझी आजी समजायचे. मीसुद्धा एकदा एका बाईंना "हो, आजीच आहे" म्हटलं होतं, मैत्रिणी हसू नयेत म्हणून. केस पांढरे, हात सुरकुतलेले, चालताना भिंत धरायची. आज मशीनपुढे बसले होते आणि मला माझ्या हाताच्या जागी तिचा हात दिसत होता.

बुधवार, ५ फेब्रुवारी

एकदा मोजून विश्वास बसत नाही, म्हणून सकाळी लवकर जाऊन चार-पाच वेळा मोजते. मधे हात पुसते, श्वास रोखते, देवाचं नाव घेते. मशीनला त्याचं काही सोयरसुतक नाही.

ठिपका पुसट झाला होता. नवा काढला, अगदी त्याच जागी. मोजमापात हयगय नको.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

मॅडम आज चक्क गुणगुणत होत्या. त्यांच्या प्रयोगात लोकांना काही महिने गोळी देतात आणि भाज्या-फळं भरपूर खायला सांगतात, आणि गंज उतरतो का बघतात. उतरतोय म्हणे. एकूण एक माणसाचा उतरतोय. ज्यांना नुसती पिठाची गोळी दिलीय त्यांचाही थोडाफार उतरलाय. ते मॅडमना जरा खटकलं, मग त्याच म्हणाल्या, "आशेनेसुद्धा माणूस सुधारतो." येत्या परिषदेत त्या हे सगळं मांडणार आहेत.

म्हणजे सगळं जग तरुण होतंय आणि मी एकटी उलट्या दिशेने चाललेय. शेवटच्या म्हाताऱ्या आजी उठून गेल्या, त्यांचा आकडा माझ्यापेक्षा कमी होता. मला म्हणाल्या, "सुखी राहा, बाळ." बाळ.

धीर करून मॅडमना विचारलं, "एखाद्याचा आकडा फारच वर गेला तर काय समजायचं?"

"कुणाचा गेलाय?"

"कुणाचा नाही. असंच विचारलं."

"आधी त्या माणसाला विचारायचं, उन्हात होतास का, सिगरेट ओढतोस का, आजारी होतास का. आकडा त्या जागेच्या कातडीचा असतो. अख्ख्या माणसाची पत्रिका नसते ती."

मी मान हलवली. पण मी उन्हात नसते, सिगरेट ओढत नाही आणि आजारी पडायला मला सवड नाही. मग उरलं काय? आईचं रक्त.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आज आमचे ड्रायव्हरसाहेब, म्हणजे ठमीचे बाबा, माझा विसरलेला चष्मा द्यायला प्रयोगशाळेत आले. बस चालवतात, दिवसभर काचेतून ऊन खातात, वर सिगरेटी. वय सेहेचाळीस. मॅडम म्हणाल्या, "आलाच आहात तर बसा, असा नमुना आम्हाला हवाच होता." मी ह्यांना नमुना म्हणते ते पहिल्यांदाच कुणाला तरी पटलं.

मी ह्यांचा हात पुसला, खोक्यात घालायला लावला. मनात म्हटलं, आता कळेल बच्चमजींना, सिगरेट सुटेल.

आकडा आला पंचविशीतल्या पोराचा.

मग काय विचारता. दाराशी पोचेपर्यंत तिघांना सांगून झालं. घरी येऊन ठमीला, मग शेजाऱ्यांना, मग फोनवर स्वतःच्या भावाला. "मशीनच म्हणतंय, मी काय करू?" संध्याकाळी गॅलरीत उभं राहून एकीच्या जागी दोन सिगरेटी ओढल्या. मी ओरडले तर म्हणाले, "अगं, माझ्या अंगाला लागत नाही ते. शास्त्राने सिद्ध झालंय."

ठमी हसून हसून लोळत होती. मीही हसले. मग न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं आणि नळ सोडून रडले. हे ऐंशी वर्षं जगोत. पण ठमीचं लग्न, तिचं बाळंतपण, ते सगळं ह्यांना एकट्याला कसं जमेल? ह्यांना स्वतःचे मोजे सापडत नाहीत.

मंगळवार, ४ मार्च

मावशीला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून हळूच विचारलं, "आई अशी लवकर म्हातारी का झाली गं? तुमच्याकडे आणखी कुणी होतं का तसं?"

"म्हातारी कुठली? आजारी होती ती," मावशी म्हणाली. "सारखी तहान तहान करायची. तांबेच्या तांबे पाणी प्यायची आणि तरी सुकत चालली होती. पायाची जखम वर्षभर भरली नाही. मी म्हणत होते डॉक्टरकडे जा, तर म्हणे, डॉक्टर काहीतरी काढून ठेवतील. घाबरट मुलखाची. आमची आई तर नव्वदीला गेली, दात शाबूत."

मावशीला काय कळतंय. बिचारी माझं मन राखायला बोलते. आजीचं सोड, आईचं रक्त माझ्यात आहे ते खरं.

आणि आता खूण पण उमटलीय. ठिपक्याभोवती तपकिरी गोल डाग, पुसला तरी जात नाही. म्हातारपणी हातांवर येतात तसलाच. बाकी हात अजून बरा दिसतो, म्हणजे सुरुवात इथून झाली. उद्यापासून लांब बाह्यांचे कपडे.

सोमवार, १० मार्च

आज सकाळी मशीनपुढे बसले असताना वाटलं, उजवा हात घालून बघावा. खोक्याच्या तोंडापर्यंत नेलासुद्धा. डाव्याचा आकडा निदान एकाच हाताचा आहे. उजव्याचाही तसाच आला, तर मग पळायला जागा नाही. हात दाखवून अवलक्षण कशाला? मागे घेतला.

डावा मोजला. शनिवारच्यापेक्षा वर.

बुधवार, १९ मार्च

पाकोळीला फोन केला. तिने नोकरी सोडल्यापासून बोलणं नव्हतं. तेव्हा तिचं लग्न ठरलेलं, चांगला मुलगा होता म्हणे, रोज संध्याकाळी फाटकापाशी स्कूटर घेऊन उभा असायचा. अचानक मोडलं आणि महिन्याभरात हिने नोकरीही सोडली. लोक म्हणाले, हिचं दुसऱ्याच कुणावर मन होतं. असेल. जाताना मला काम शिकवलं तेही एका दिवसात, घाईघाईत, आणि उकाड्याचे दिवस असून पूर्ण बाह्यांचा सदरा घालून.

मी म्हटलं, "अगं, सहज केला फोन. मशीनबद्दल विचारायचं होतं."

पलीकडे शिलाई मशीनचा आवाज थांबला. मग म्हणाली, "कितीवर गेलाय?"

"काय?"

"काही नाही. तू त्या आकड्याकडे बघत जाऊ नकोस, ताई. बघितलं की सुटका नाही."

आणि फोन ठेवला. परत लावला तर उचलला नाही.

म्हणजे तिला माहीत होतं. ती इथे होती तेव्हाच माझा आकडा वर असणार आणि तिने बघितला असणार. शिकवताना पहिल्या दिवशी माझा हात तिनेच खोक्यात धरला होता. मला सांगायला तिला जड गेलं असेल. लिहवत नाही.

गुरुवार, २७ मार्च

गेले काही दिवस ठमीला स्वयंपाक शिकवतेय. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. गॅसवाल्याचा नंबर, डॉक्टरांचा नंबर, कुठली किल्ली कुठल्या कुलपाची, सगळं तिला दाखवलं. आज भात गाळताना तिने सरळ विचारलं, "आई, तू कुठे निघालीयेस का?"

"मी कुठे जातेय?"

"मग मला हे सगळं का शिकवतेस? बाबा पण घाबरलेत."

"त्यांना काय धाड भरलीय. तरुण माणूस तो."

"आई, बाबांनी काल मला विचारलं, आई तुझ्याजवळ माझ्याबद्दल काही बोलते का."

मी तिला म्हटलं, भाताकडे लक्ष दे. तिने लक्ष दिलं, पण डोळे भरले होते. पोरीला मी उगाच घाबरवतेय. पण आई गेली तेव्हा मला साधा चहा करता येत नव्हता, आणि घरात आलेल्या लोकांसमोर मी कोरड्या भांड्यांकडे बघत उभी होते. ठमीचं तसं व्हायला नको.

आज सकाळी हे कामावर निघताना दारात थांबले. म्हणाले, "माझं काही चुकलंय का?" मी म्हटलं, "तुमचं रोजच चुकतं, जा आता, बस चुकेल." बसचे ड्रायव्हर तेच. दोघांनाही हसू आलं नाही.

रविवार, ६ एप्रिल

आता दुष्काळात तेरावा महिना. परिषदेआधी मशीनची तपासणी झाल्याचा दाखला लागतो, म्हणून मॅडमनी कंपनीच्या माणसाला बोलावलंय. उद्या येतोय. तो चकती मागणार. चकती नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालंय, जो तो माझ्याकडेच बघतोय असं वाटतं.

दोन भीती एकदम. खरं सांगायचं तर नोकरी गेली तरी चालेल. पण बाही वर करायला लावली आणि मॅडमनी डाग बघितला, तर त्या मला सांगतील. आत्तापर्यंत फक्त मशीनने सांगितलंय. मशीन खोटं बोलू शकतं असं मी स्वतःला समजावते. मॅडम खोटं बोलणार नाहीत.

मंगळवार, ८ एप्रिल

काल लिहायची ताकदच नव्हती. आज क्रमाने लिहिते.

मशीनवाला सकाळीच आला. पोट सुटलेला, गप्पिष्ट माणूस, खिशात वेलदोडे. मॅडम शेजारी उभ्या. त्याने मला म्हटलं, "चकती द्या." मी कपाट उघडलं, शोधायचं नाटक केलं, कपाटात डोकं घालून उभी राहिले. तो म्हणाला, "राहू द्या, माझ्याकडे आहे." पिशवीतून काढून खोक्यात ठेवली. मशीन फिरलं. त्याने आकडा बघितला, मान हलवली, मग पडद्यावर रोजच्या सकाळच्या नोंदी उघडल्या आणि बघत बसला. वेलदोडा चघळायचा थांबला.

"मॅडम, मशीन ठीक आहे. दिवा ठीक आहे. पण तुमची चकती दोन वर्षांत ही एवढी चढत कशी गेली? आणि गेल्या दोन महिन्यांत तर एकेका सकाळी चार-चार, पाच-पाच नोंदी. चकती म्हातारी होत नाही हो."

मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. काय बोलायचं ते ठरवलेलं सगळं विसरले आणि तोंडातून निघून गेलं, "ती चकती नाही. तो माझा हात आहे."

मग मशीनवाला म्हणाला, "दाखवा बघू."

मी बाही वर केली. डाग आता चांगला गडद आहे, दिव्याच्या भोकाएवढाच गोल, कंपासने काढल्यासारखा. मशीनवाल्याने आधी डाग बघितला, मग दिव्याचं भोक बघितलं.

"रोज? आणि इथेच?"

"ठिपका लावून," मी म्हटलं.

"ताई," तो म्हणाला, "हा दिवा म्हणजे उन्हातला चावरा भाग. लोकांना वर्षातून दोनदा लागतो, त्याचं काही नाही. तुम्ही रोज त्याच एका जागेला ऊन देताय आणि मग विचारताय, ही जागा भाजली का. भाजणारच ना."

मला ऐकू येत होतं पण कळत नव्हतं. मी म्हटलं, "पण माझी आई बेचाळिसाव्या वर्षी गेली."

मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी माझा उजवा हात धरला. स्वतः बाही वर केली, स्वतः कापसाने पुसला. मी मागे ओढला. लहान मूल इंजेक्शनला ओढतं तसा ओढला, लाज वाटते लिहायला. "नको मॅडम, उजवा नको."

"इकडे आण," त्या म्हणाल्या, आणि काळोखात माझं मनगट धरून उभ्या राहिल्या. मशीनवाल्याने मशीन त्याच्या चकतीवर लावून घेतलं होतं. दिवा पडला, विझला. मी डोळे मिटून होते.

"चाळीस," मॅडम म्हणाल्या. "फार तर एक्केचाळीस. आता रडू नकोस, हात ओला होईल."

मग मी मावशीने सांगितलेली आईच्या तहानेची गोष्ट सांगितली, तशा म्हणाल्या, "तुझ्या आईला साखर असणार. तुझीही उद्या तपासून घेऊ. डाग मी भिंगातून बघते, आत्ता भिण्यासारखं दिसत नाही, पण दर तीन महिन्यांनी मला दाखवायचा." त्यांचं माझ्याशी बोलणं संपलं आणि मग त्यांना स्वतःचं आठवलं. माझ्या हाताचा आकडा चढत गेला आणि मशीन सगळ्यांना माझ्यावरून मोजत होतं, म्हणून सगळे तरुण दिसत होते. गोळीने कुणाचा गंज उतरलाच नव्हता. त्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "पिठाची गोळी. मला तेव्हाच कळायला हवं होतं." परिषदेला कळवलंय, येत नाही म्हणून. सगळ्यांना परत बोलवायचं, परत मोजायचं. चकती पाकोळीच्या हातून फुटल्याचंही मी सांगून टाकलं, तेव्हा म्हणाल्या, "चकती फुटली हे मला सांगायची दोघींनाही भीती वाटली, याचा मला विचार करू दे." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन ह्यांना आणि ठमीला समोर बसवलं, सगळं सांगितलं. हे सिगरेटचं पाकीट हातात फिरवत होते. मग म्हणाले, "मला वाटलं तू मला सोडून चाललीस." दोन महिने मनात हेच धरून बस चालवत होता हा माणूस. मग हळूच, "म्हणजे मी पण सेहेचाळीसचाच?" ठमी म्हणाली, "बाबा, सिगरेटी धरून पंचावन्नचे." पाकीट तिनेच कचऱ्यात टाकलं.

रात्री दोन महिन्यांनी शांत झोपले. पहाटे दचकून जागी झाले. 'दोघींनाही', मॅडम म्हणाल्या होत्या. मला हे पाकोळीने शिकवलं. म्हणजे माझ्याआधी रोज सकाळी पाकोळी हात घालत होती. लांब बाह्या. "कितीवर गेलाय?" तिने माझा आकडा बघितलाच नव्हता. ती स्वतःच्या आकड्याबद्दल बोलत होती.

ती दोन वर्षं घरात बसून मरायची वाट बघतेय.

रविवार, १३ एप्रिल

फोन ती उचलत नव्हती, म्हणून पत्ता काढून आज घरी गेले. तिसरा मजला, अरुंद जिना. दार तिच्या आईने उघडलं. पाकोळी आतल्या खोलीत मशीनवर कपडे शिवत होती. वाळलीय. मला बघून तिचा चेहरा पडला. माझी वेळ भरली आणि मी तिचा निरोप घ्यायला आलेय, असं तिला वाटलं असावं. आई चहा टाकायला गेली.

मी वाटेत फार जुळवाजुळव केली होती. ती सगळी बाजूला राहिली. मी म्हटलं, "तुला काही झालेलं नाही. तो दिवा होता." आणि बाही वर करून डाग दाखवला.

तिने स्वतःची बाही वर केली. त्याच जागी, तेवढाच गोल, माझ्यापेक्षा फिका.

मी सगळं सांगितलं, मशीनवाल्याचं, उजव्या हाताचं. ती मान खाली घालून ऐकत होती, कापडाची कड बोटांनी दुमडत होती. संपल्यावर म्हणाली, "मला काहीच झालं नव्हतं?"

"काहीच नाही."

"माझ्या आत्याला लहानपणीच कसलासा आजार होता. तिची कातडी अशीच झाली होती. मला वाटलं तेच." मग म्हणाली, "मी त्याला सांगितलं, माझं दुसऱ्या कुणावर मन आहे. मुलं झाली असती तर त्यांच्यातही गेलं असतं ना. खरं सांगितलं असतं तर तो थांबला असता, म्हणून खोटं सांगितलं. त्याला मुलगी झाली गेल्या महिन्यात."

इतक्यात तिची आई चहा घेऊन आली. आमचे चेहरे बघून थबकली. "काय झालं गं?"

पाकोळी म्हणाली, "आई, मला काही झालेलं नाहीये."

"तुला काय व्हायचंय?" आई म्हणाली.

दोन वर्षं ही बाई त्याच घरात होती. लेकीने ठरलेलं लग्न मोडलं म्हणून नातेवाइकांत मान खाली घालून वावरत होती, आणि लेक भिंतीपलीकडे स्वतःचे दिवस मोजत होती. मी उठायला लागले. पाकोळीने माझा पदर धरला. "ताई, तू थांब. मला एकटीला सांगता येणार नाही."

मग दोघींनी मिळून सांगितलं. मधे मधे तिचा आवाज बंद व्हायचा, तेव्हा मी पुढे न्यायचे. आईने सगळं ऐकलं. रागावली नाही, रडलीही नाही. दोघींच्या हातांवरचे ते गोल डाग तिने बोट फिरवून बघितले, आणि मग अगदी साधं विचारलं, "अगं, मग दुसरा हात का नाही घालून बघितलात?"

पाकोळीने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

"भीती वाटली, आई," ती म्हणाली. "त्याचाही तसाच आला असता तर?"

आईने लेकीचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि धरून बसली. चहा कुणीच प्यायला नाही.